सफारीतला मुलीचा बाप

आपल्या पोरानं, वनानं, सायकलचा डायनामो चोरला होता, हे झुंबरबाईला नाकारायची सोय नव्हती, कारण जळगावच्या पोलीस चौकीत खुद्द वनानंच ते सांगून टाकलं होतं. टॉकीजबाहेरच्या स्टँडवर हात शिवशिवले आणि अक्कल गेली चरायला. वेळ तरी काय साधली पठ्ठ्यानं! भुसावळला रेल्वेत खलाशी म्हणून निवड झालेली, नुसती पोलीस पडताळणी तेवढी राहिलेली.

"कबूल करायचं, दंड भरायचा, दुपारी घरी," कोर्टाच्या आवारात जो तो हेच सांगत होता. झुंबरबाई तयारही झाली होती. चुडामण वकिलांनी तिला तिथंच दटावलं.

"दंड म्हणजे शिक्षाच, अक्का. तो डाग लागला की नोकरी गेली. पहिलाच गुन्हा आहे, वस्तूही परत मिळाली. कबूल करू, पण शिक्षेऐवजी प्रोबेशन मागू. मग कायद्यानं ते नोकरीच्या आड येत नाही. फक्त प्रोबेशन अधिकारी गल्लीत येऊन चौकशी करेल."

वनानं गुन्हा कबूल केला, कोर्टानं अहवाल मागवला आणि झुंबरबाईला आधी आठवली ती शेजारीण. जळगावातच मेहरूणला तिचं दार मंजुळाबाईच्या दाराला लागून, आणि नळावरच्या भांडणापासून दोघींचा अबोला.

अधिकारी आला तो नेमका झुंबरबाई डाळमिलमध्ये कामाला गेलेली असताना. कडक इस्त्रीचा सफारी, काखेत बॅग, आणि प्रश्न काय, तर "मुलगा कसा आहे? काही व्यसन? घरचे कसे?" ऐन लग्नसराईत असले प्रश्न विचारणारा माणूस आणखी कोण असणार? गल्लीनं त्याला मुलीचा बाप ठरवून बाजेवर बसवलं, चहा पाजला. त्यानंही कोणाचा गैरसमज दूर केला नाही. माणूस हुशार होता.

संध्याकाळी झुंबरबाईला कळलं की सगळ्यात जास्त वेळ मंजुळाबाईच बोलली, आणि चोरीचंही तिनंच सांगितलं.

"मारी ना भांजी!" झुंबरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "मना पोऱ्याना गळा कापा व माय तिनी!"

तारखेला पाहते तर मंजुळाबाई कोर्टाच्या दारात उभी. आली तमाशा बघायला, असं म्हणून झुंबरबाईनं तोंड फिरवलं.

न्यायाधीशांनी अहवाल मोठ्यानं वाचला. "मी मुलीचा बाप आहे असा शेजारीण मंजुळाबाई यांचा समज झाला होता. त्या म्हणाल्या, 'तुमच्या लेकीचा प्रश्न आहे, म्हणून लपवत नाही. पोरानं डायनामो चोरला, खटला चालू आहे. त्याच्या आईशी माझं बोलणंही नाही. पण माझा नवरा दवाखान्यात पडून होता तेव्हा उशाशी हाच बसायचा, आईला चोरून. मला लेक असती तर मी यालाच दिली असती.'"

झुंबरबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं वनाकडं पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "कोर्टाला सांगायचं म्हणून केलेली स्तुती मी रोज ऐकतो. ही तशी नाही. आरोपीला शिक्षा न देता वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतो. जामीनदार कोण?"

जामीन राहायला निघालेला झुंबरबाईचा भाऊ धुळ्याहून पोचलाच नव्हता. चुडामण वकील मागं वळून वळून बघू लागले.

"मी ऱ्हासू जामीन," दारातून आवाज आला. "मनं सोतानं घर शे मेहरूणले."

मंजुळाबाई पदर सावरत पुढं आली आणि शिरस्तेदारानं दाखवलेल्या जागी तिनं ठसठशीत सही केली.

"झालं, अक्का," वकील हळूच म्हणाले. "आता जाऊ द्या पोराला भुसावळला."

झुंबरबाईनं भर कोर्टात मंजुळाबाईला मिठी मारली. रडता रडता ती हसत होती, आणि दोघीही एकाच वेळी बोलत होत्या. शिपाई "शांतता, शांतता" म्हणत राहिला. त्याचं कोण ऐकतंय!