मैनाच्या हातचं पेट्रोल

मी डुक्कर फियाट बोलतेय. हसा, हसा! माझं तोंड बघून हे नाव कुणी पाडलं देव जाणे, पण एकेकाळी नाशिकरोडला माझ्या नादाला कुणी लागत नव्हतं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या मल्हारी फिटरनं मला बहात्तर साली भंगारातून उचललं. मोठा खटपट्या माणूस. त्यानं माझ्या इंजिनाचं हेड घासून घेतलं, कार्बोरेटरचा जेट मोठा केला. ताकद आली, पण साध्या पेट्रोलवर चढ लागला की इंजिन खडखडायचं. त्यावर उतारा म्हणून तो एका साखर कारखान्यातल्या ओळखीनं स्पिरिट आणायचा. पाच लिटर पेट्रोलला एक लिटर स्पिरिट. मिसळायचं काम त्याच्या लेकीचं, मैनाचं. मापाला डोळा लावून ती ओतायची. "आबा, थेंब सांडला नाय!" मग कसारा घाटात मी भल्याभल्यांना मागं टाकायचे. वाटेत बंद म्हणून कधी पडले नाही.

मैना मोठी झाली. एका रेल्वे कारकुनाशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं आणि दौंडला गेली. मल्हारीनं बोलणं टाकलं, मला ताडपत्रीखाली घातलं. तिनं शेवटचं मिसळलेलं पेट्रोल टाकीत तसंच राहिलं.

"अहो, काढून तरी ठेवा," त्याची बायको मालनबाई म्हणाली.

"राहू दे. पोरीच्या हातचं हाय."

रागावलेला बाप म्हणे! स्पिरिट हवेतलं पाणी ओढून घेतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मायेनं शहाणाही खुळा होतो. तशातच पावसाळा गेला, टाकीच्या तळाशी पाणी साचत राहिलं.

थंडीत मैनाचं कार्ड आलं. जावयाची झाशीला बदली झाली होती. दौंडची रेल्वे नाशिकला येत नाही, मनमाडवरूनच वर जाते. 'रविवारी दुपारी आमची रेल्वे मनमाडला वीस मिनिटं थांबेल. आई, आबांना घेऊन ये.'

"यष्टीनं जाऊ गुमान," मालनबाई म्हणाली.

"नाय. बाप गाडी घेऊन आलाय, हे पोरीला दिसू दे."

वरून नवं पेट्रोल ओतून आम्ही निघालो. मैना भेटणार म्हणून मला कोण आनंद!

चांदवडच्या चढावर टाकीच्या तळाचं पाणी उसळून नळीत आलं. मी दोन आचके दिले आणि थांबले. मल्हारीनं मालनबाईला मागून आलेल्या यष्टीत बसवलं. "तू हो पुढं. टाकी उपसतो अन् आलोच." पोरीच्या हातचं ते पेट्रोल त्यानं मातीत ओतलं. मग सोबत घेतलेल्या डब्यातलं पेट्रोल घालून त्यानं मला पळवलं.

रेल्वे निघून गेली होती. मनमाड स्टेशनाबाहेर मालनबाई एकटीच उभी होती.

"सांगितलं नाय का तिला?"

"सांगितलं हो, गाडी बंद पडली म्हणून. तर रडायलाच लागली. 'आई, खोटं नको बोलू. आबांची गाडी कधी बंद पडलीय का? राग गेला नाय म्हण ना सरळ!'"

मल्हारी स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर त्यानं किती कार्डं टाकली! पोरीला वाटतं, आईच त्याला बसवून लिहून घेते. आठ वर्षं झाली, ती आली नाही. आता मी क्वार्टरमागं गंजत पडलेय. संध्याकाळी तो माझ्यात येऊन बसतो.

मैना, बाई, माझ्या अब्रूचं काय घेऊन बसलीस? मी बंद पडले होते, भर चढावर, चारचौघांत. तुझा आबा निघाला होता गं.