मला फक्त हवं

बाबांच्या दुकानातून नवी कवळी घेऊन कुणालाही तडक घरी जाता येत नसे. आधी खुर्चीत बसायचं, कवळी चढवायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "रक्त." तेही तीनदा. चांगल्या घरच्या आज्या खिडकीकडे बघत हळूच "रक्त" म्हणायच्या आणि बाबा कान पुढे करून सांगायचे, "अजून एकदा." शेजारच्या बाकावर बारा वर्षं मेणात दात रोवणाऱ्या त्यांच्या लेकीला वाटे, धंद्यातली काही जुनी परीक्षा असेल. तिनं कधी विचारलं नाही.

एका मंगळवारी निवृत्त ग्रंथपालबाई कवळी न्यायला आल्या. बाबा आत प्लास्टर कालवत होते, म्हणून लेकीनंच सांगितलं, "रक्त म्हणा." बाई थबकल्या, मग डोळे वटारून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मला फक्त हवं!" आणि नवी कवळी तोंडातून निसटून हातात येईस्तोवर हसल्या.

"फक्त काय?" लेकीनं विचारलं.

"अगदी असंच ओरडायचं असतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन काढला.

सिनेमाचं नाव 'तळघरातला भाडेकरू', वय वर्षं चाळीस. पिठानं माखलेलं भूत जिना चढून वर येतं, वाटेत पँट सावरतं आणि नायिकेपुढे लांब सुळे काढून गर्जतं, "मला फक्त हवं!" नायिका किंचाळायची ती क्षणभर विचारातच पडते. वर्षातून एकदा रविवारी दुपारी हा सिनेमा जुन्या थेटरात लागतो, वेडे लोक महिनाभर आधी तिकिटं काढतात, आणि यंदाचा खेळ येत्या रविवारीच आहे, असं बाई सांगत होत्या. आपल्याकडे दोन जास्तीची आहेत म्हणाल्या. लेकीचं अर्धं लक्ष भुताच्या पँटकडे होतं. कमरेला उजव्या हातानं हिसका आणि लगेच मान डावीकडे. ही लकब ती जन्मापासून बघत आली होती.

बाई गेल्यावर ती आत गेली आणि एवढंच म्हणाली, "बाबा, फक्त काय?"

बाबांच्या हातातलं प्लास्टर वाडग्यातच घट्ट झालं, तरी ते ढवळतच राहिले.

"ते सुळे मी केले होते," ते शेवटी म्हणाले. "नट ठरायचा होता, म्हणून माप माझ्याच जबड्याचं घेतलं. मग नट आला, तर त्याच्या तोंडात ते बसेनात. डायरेक्टर माझा जिवलग. म्हणाला, तूच उभा राहा, एकच तर वाक्य आहे. पण सुळे हवे त्यापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढे जास्त लांब झाले होते. खालचा ओठ अडकायचा. र म्हणायला जावं तर फ यायचा. पुन्हा घ्यायला फिल्म उरली नव्हती."

"मग?"

"मग काय. त्यानं जिवाचं रान केलं होतं गं, लोकांना कापरं भरावं म्हणून. पहिल्याच खेळाला अख्खं थेटर दात काढत होतं. तो उठून बाहेर गेला. मी परत त्याच्या वाटेला गेलो नाही. अजून दात धरून असेल माझ्यावर." वाडगा बाजूला ठेवून ते म्हणाले, "तेव्हापासून कुणाचं रक्त मात्र चुकू दिलं नाही."

लेकीला हसू आलं आणि वाईटही वाटलं. पुढचे चार दिवस तिनं दातांच्या कण्या केल्या. बाबा ढिम्म. रविवारी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "सिनेमा बघायला येत नाहीये," त्यांनी बजावलं. "सुळे किती लांब होते तेवढं बघतो."

पडद्यावर भूत जिना चढायला लागलं, तसं बाबांनी लेकीचं मनगट पकडलं. भूत गर्जलं आणि चारशे माणसं एका आवाजात ओरडली, "फक्त काय?" मग हशा. पण हा हशा वेगळा होता. घरातल्या लाडक्या, विसरभोळ्या काकाला हसावं तसं लोक भुताला हसत होते. बाबांची पकड हळूहळू सैल झाली.

मध्यंतराला दिवे लागले. पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून एक वाकलेला म्हातारा उठला आणि वळला. बाबाही उठले. पळून जातात की काय, असं लेकीला वाटलं. ते खाली उतरून त्या म्हाताऱ्यापाशी गेले.

"लांब झाले होते रे सुळे," बाबा म्हणाले.

"मला वाटलं, तुला भूत करून चारचौघांत हसं केलं म्हणून तूच रागावलास," डायरेक्टर म्हणाला. "दर वर्षी येतो. म्हटलं, एखाद्या वर्षी तूही येशील."

प्रत्येक शब्दाला त्याच्या तोंडात काहीतरी खटखट वाजत होतं. बाबांचा कान आपोआप पुढे झाला.

"कवळी कुणी केली ही?"

"चांगली आहे की."

"सैल आहे. रक्त म्हण."

"इथे?"

"म्हण."

डायरेक्टरनं श्वास घेतला. "फक्त," तो म्हणाला.

मागच्या दोन रांगांना राहवलं नाही. "फक्त काय?"

त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळून सांगितलं, "फक्त हा हवा होता."

बाबांनी डोळे पुसले. मग उजव्या हातानं पँट वर ओढली, मान डावीकडे केली आणि म्हणाले, "उद्या सकाळी दुकानात ये."