विमानाची वहिवाट

आमचे जावई कैलास शब्द देऊन फिरले आणि वर आमच्याच छपरीत आरामात चहा पीत बसले, हे मला मुळीच आवडलं नाही. लग्नात चार लोकांसमोर म्हणाले होते, "बाळंतपणाले वर्षालीले मस्कतहून विमानानं थेट नागपूरले आणून देतो." तिथल्या विमान कंपनीत ते तिकिटाच्या खिडकीवर बसतात, म्हणून मी विश्वास ठेवला आणि साऱ्या कारंजात सांगून मोकळी झाले. आता पोरीला पाचवा महिना लागला, आणि हे सुट्टीवर एकटेच आले.

"आई, विमान नागपूरले उतरत नाई," ते म्हणाले. "मुंबईत विमान बदलावं लागते. तिथं एकटीचे हाल होतीन, मले तवा सुट्टी नाई. बाळंतपण तिकडंच होऊ द्या."

पहिलं बाळंतपण माहेर सोडून! माझा जीव नुसता चरफडला. तेवढ्यात वरून एक विमान चाललं होतं. रोजच जातात आमच्या घरावरून. मी बोट दाखवलं.

"हे काय जाऊन राह्यलं मंग? वरून जाते, तर खाली उतराले काय धाड भरली त्याले?"

"वरून जायची परवानगी वेगळी, उतरायची वेगळी."

"आभाळाले कोणाची परवानगी?"

"ज्या देशाची जमीन, त्याचंच वरचं आभाळ, आई."

माझी शाळा चौथीपर्यंतची. असं आभाळ वाटून घेतल्याचं कोणी शिकवलं नव्हतं. रागावले होते, तरी पाट ओढून जवळ बसले. म्हटलं, "सांगा."

दोन देश कागद करतात म्हणे. कोणाचं विमान कोणत्या गावी उतरेल, आठवड्याला किती खुर्च्या आणेल, सगळं त्यात लिहिलेलं. मस्कतच्या कागदात नागपूरचं नाव नाही. आपल्या देशाच्या कंपनीला तिथून थेट नागपूरला यायची मुभा आहे, पण तिला तेवढे प्रवासी मिळत नाहीत.

"बरं, मुंबईत तर उतरते न तुमचं विमान? तिथून रिकाम्या खुर्च्यांवर नागपूरचे लोकं बसवा अन् या पुढं. त्यातच आमची पोरगी."

"ते तर साफ मना हाय. परक्या विमानानं आपल्याच दोन गावांमधले प्रवासी न्यायचे नाई. नाई तर आपल्या विमानांनी काय करावं?"

"कोण्या कंजूस माणसाचं डोकं हे!"

आमच्या मागच्या वावराचे रूपरावजी फवारणीचा पंप मागायला आले होते. ते खो खो हसायला लागले.

"वहिनी, हे तर तुमचंच डोकं! जवाईबापू, माह्या वावराची वाट यांच्या वावरातून जाते. गाडी न्या म्हणे, बैलाइले विहिरीवर पाणी पाजा म्हणे. अन् मी एक डाव पलीकडल्या अण्णाजीचा कापूस भाड्यानं भरून आणला, तर काठी घेऊन वाट अडवाले धुऱ्यावर उभ्या!"

"मंग? वहिवाट तुमच्या मालाची होती. भाड्याचा धंदा कुठं ठरला होता?"

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. जावयांनी हसू लपवायला कपात तोंड घातलं.

मग विचारलं, "मुंबईपर्यंत तर आणते न तुमचं विमान वर्षालीले?"

"आणते. सातव्या महिन्यापर्यंत बसू देते."

"अन् मुंबईहून आपल्या वर्ध्याले रेल्वे येते. झोपून येता येते. तिले कोण्या देशाची सही लागत नाई. हे काऊन नाई सुचलं तुम्हाले?"

ते खाली मान घालून म्हणाले, "सुचलं होतं, आई. पण तुम्ही गावभर नागपूरचं सांगून ठेवलं. तुमच्यासमोर रेल्वेचं नाव काढायची हिंमत नाई झाली."

रूपरावजी पंप उचलून वाटेला लागले. मी उठून जावयांसमोर उभी राहिले.

"ऐका जवाईबापू. विमानाची चूक नाई. नागपूरचा तोरा माहा होता, तो मी सोडला. पण जिथं आपला हक्क नाई तिथला शब्द तुम्ही दिला, अन् मंग सासूच्या तोंडाले भिऊन माह्या पोरीचं माहेर तोडाले निंगाले. हा गुन्हा तुमचाच. सहाव्या महिन्यात तिले मुंबईच्या विमानात बसवून देजा. ती मुंबईत बाहेर निंगन, तवा विमानतळाच्या दारात मी उभी राहीन."