धुतलेला वाडगा

मारिव्हिकने वाडगा विसळला, कोरडा पुसला, त्यात गोड वड्यांचा खोका ठेवला आणि चपला अडकवून ती शेजारी निघाली. वाडग्यातून आलेला मुळा तिच्या पातेल्यात अजून वाफाळत होता. तोकिए आजी तो देऊन गेल्याला अर्धा तासही झाला नव्हता.

“अगं, एवढी कसली घाई?” आजी दारात आली. खोका दिसला तशी ती जरा थबकली. “पुन्हा खोका? पोरी, माझ्या परसातला मुळा तो. त्याचं एवढं काय?”

“अगदी क्षुल्लक वस्तू आहे. कृपया स्वीकार करावा.” मारिव्हिकने पाठ केलेलं वाक्य न अडखळता म्हटलं आणि ती कमरेतून वाकली.

“बातम्या देतेस की काय मला? शेजारणीसारखं बोल की.”

मारिव्हिक फिलिपाइन्समधल्या इलोइलोची. जपानमधल्या शिमानेच्या डोंगरातल्या या गावात ती शाळेत इंग्रजी शिकवायची; मुलं तिला सेन्सेई, म्हणजे बाई, म्हणायची. तिला जपानी शिकवलं ते मात्र आजीने, मागच्या दाराच्या पायरीवर बसून. आजी परसातल्या कुंपणाच्या फटीतून यायची, हातात काहीतरी शिजवलेलं असायचं. एकदा टेकली की एखाद्या बुवांचं निरूपण रंगत जावं तसं तिचं बोलणं मुळ्यावरून सुनेवर, सुनेवरून गेलेल्या नवऱ्यावर आणि फिरून मुळ्यावर यायचं. मारिव्हिक मध्येच काहीबाही बोलून जायची, आजी मांडीवर थाप मारून हसायची, आणि त्या हसण्याच्या आधाराने मारिव्हिक पुढचं वाक्य जुळवायची. घरापासून इतक्या लांब तिच्या चुकांवर मनापासून हसणारं दुसरं माणूस नव्हतं.

खोक्यांचं डोक्यात भरवलं ते कानेशिगे बाईंनी. त्या मारिव्हिकच्या जोडीने वर्ग घ्यायच्या.

“इथे कुणी काही दिलं तर उलट काहीतरी द्यावं लागतं हं. लोक बोलून दाखवत नाहीत, पण मनात ठेवतात.”

मारिव्हिकने ते मनावर घेतलं. परमुलखातल्या एकट्या बाईला नावं ठेवायला कुणाला जागा मिळू नये, म्हणून तिने कपाटात खोक्यांची चळतच लावून ठेवली. इलोइलोला आईच्या फडताळात निम्मी भांडी शेजारपाजारची असायची आणि आईची भांडी कुठे कुठे नांदत होती ते देवालाच ठाऊक. ते तिला आठवलं नाही असं नाही. पण हे जपान आहे, असं तिने स्वतःला बजावलं.

थंडी पडली आणि आजी यायची थांबली. रस्त्यात दिसली की लवून नमस्कार करायची, हवेबद्दल दोन शब्द बोलायची, चालू लागायची. शनिवारी दुपारी मारिव्हिक मागचं दार किलकिलं ठेवून बसे. खोली गारठली की उठून लावून घेई.

“गुडघे दुखत असतील त्यांचे,” एकदा शाळेत जेवताना ती म्हणाली. “माझ्याकडून तर काही कमी पडलं नाही. वाडगा आला की लगेच परत, वर खोका.”

कानेशिगे बाईंनी काड्या खाली ठेवल्या.

“लगेच म्हणजे?”

“त्याच दिवशी. कधी कधी अर्ध्या तासात.”

“अगं बाई! मी परत द्यायला सांगितलं, तोंडावर फेकायला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी, कुठे गावाला गेलीस तर तिथलं काहीतरी आणायचं. हातोहात दिलं की, तुमचं काही माझ्याकडे राहायला नको, असं होतं ते.”

“मला तेव्हा सांगितलं नाहीत.”

“हे काय सांगावं लागतं?”

पुढच्या रविवारी मारिव्हिकने मेरीमातेच्या तसबिरीपुढे हात जोडले आणि आई करायची तशी कोंबडी करायला घेतली, व्हिनेगर आणि ठेचलेला लसूण घालून. घरभर वास सुटला. कोंबडी शिजेपर्यंत ती चुलीशी उभी राहून पुटपुटत होती: आजी, वाडगा राहू दे तुमच्याकडे. कधीतरी या, बसायला.

कोंबडी आपल्या वाडग्यात घालून ती शेजारी गेली. आजीने दार उघडलं. वाडगा हातात आला तशी ती गोंधळली, दोनदा वाकली. “अहो, हे कशाला? एवढं कशाला?” असं तिने इतक्यांदा म्हटलं, की मारिव्हिकला आपलं वाक्य मध्ये घालायला फटच सापडली नाही. तरी घरी येताना तिला हलकं वाटत होतं. तिने चहाचं पाणी ठेवलं, दोन पेले काढले आणि मागचं दार उघडलं.

पाणी उकळून निवलं. तासाभराने घंटा वाजली ती पुढच्या दाराची.

आजी बाहेर उभी होती. अंगात बाहेर जायचा कोट, श्वास लागलेला. हातात धुतलेला वाडगा आणि त्यावर दुकानातल्या कागदात बांधलेला खोका.

“उशीर तर नाही ना झाला? रविवारचं दुकान उघडतं उशिरा, तिथेच उभी राहिले होते.” तिने दोन्ही हातांनी खोका पुढे केला. “तुमच्याकडची रीत मला कळलीच नाही हो, सेन्सेई. मी आपली सारखे वाडगे आणायची आणि तुम्हाला धावायला लावायची. फार त्रास दिला.”

“नाही, नाही, तसं मुळीच नाही,” मारिव्हिक म्हणाली.

इथे माफी मागितली की समोरचा हेच म्हणतो. आजीनेही ते तसंच ऐकलं आणि समजुतीने मान हलवली. मारिव्हिक आणखी काही जुळवत होती, त्याआधीच आजी पायरी उतरली होती. तिथून तिने वळून पाहिलं.

“किती सुरेख बोलता हो आता. एकसुद्धा चूक नाही.”

आणि कुंपणाच्या फटीकडे न जाता, रस्त्याने वळसा घालून ती आपल्या घरी गेली.