बेबंदशाहीविरुद्ध एक प्रवचन

माझा भाऊ जोनस गर्दीला घाबरायचा. आमच्या वेनफर्ड गावच्या लोकांना हे कधी कळलं नाही, कारण तो त्यांचा पाद्री होता आणि दर रविवारी चारशे माणसांसमोर उभा राहून बोलायचा. पण ती माणसं बाकांवर बसलेली असायची. बसलेल्या माणसांची त्याला भीती नव्हती. जत्रेच्या दिवशी मात्र तो काहीतरी काम काढून घरातच थांबायचा, आणि रस्त्यावरची खिडकी मला लावून घ्यायला सांगायचा.

कारण मला ठाऊक होतं. अठरा वर्षांचा असताना तो लंडनला मामाकडे राहायला होता. त्या वर्षी जून महिन्यात शहर जवळजवळ आठवडाभर जळत होतं. टोप्यांना निळे तुरे लावून लोक रस्त्यावर आले, 'पोप नको' म्हणत त्यांनी कॅथलिकांची घरं पेटवली आणि मग तुरुंग फोडले. मामाच्या गल्लीच्या टोकाला दारूची भट्टी होती. ती पेटली तेव्हा कच्ची दारू गटारातून वाहायला लागली. बाया आणि बाप्ये गुडघे टेकून ती ओंजळीने प्यायला लागले. मग गटारानेच पेट घेतला. जोनसने मला हे आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही चुलीकडे पाठ करून.

त्यामुळे १७९३च्या जानेवारीत पॅरिसच्या लोकांनी आपल्या राजाचं डोकं उडवल्याची बातमी आली, तेव्हा बाकीचं गाव चिडलं. माझ्या भावाची मात्र झोप उडाली. पाठोपाठ फ्रान्सशी लढाई सुरू झाली. एप्रिलमध्ये आमच्या राजाचा हुकूम निघाला की, साऱ्या देशाने एक दिवस उपास करावा आणि चर्चमध्ये जमून देवाची करुणा भाकावी. त्या दिवसाचं प्रवचन चांगलं खणखणीत व्हायला हवं, असा निरोप बॅगनॉलसाहेबांनी पाठवला. ते आमचे जमीनदार, गावचे मॅजिस्ट्रेटही तेच, आणि जोनसला ही जागा मिळाली तीही त्यांच्याच शब्दाने.

जोनसची प्रवचनं मी स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायची. त्याचं अक्षर त्याचं त्यालाही वाचता यायचं नाही. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न झालं नाही, तेव्हा त्याचं घर आणि त्याचे कागद हाच माझा संसार. तो बोलत होता आणि मी लिहीत होते. सत्तेला कुणी मालक उरला नाही की माणूस माणसाला कसा खातो, देवाने घातलेला बांध एकदा फुटला की पाणी कुणाचं शेत सोडत नाही, असं सगळं. त्यात एक वाक्य आलं : 'शेजाऱ्याच्या छपरावर ठिणगी दिसली, तर ती ज्वाला होईपर्यंत शहाणा माणूस हात बांधून बसत नाही.'

ते सांगून तो थांबला. मग माझ्या हातातली लेखणी घेऊन त्याने वाक्यावर काट मारली.

"हे जरा जास्त होतंय, हेस्टर. नाही का?"

"जास्त कसलं? अख्ख्या प्रवचनात मागच्या बाकावरचा माणूस जागा राहून ऐकेल असं तेवढंच वाक्य आहे. राहू दे."

"शेजारी म्हटलं की लोक शेजारीच शोधतील गं."

"चर्चमध्ये आजवर तुझं ऐकून कुणी काही केलंय का?" मी हसत म्हटलं. "दारू सोड म्हणतोस, कोण सोडतो?"

तोही हसला. वाक्य राहिलं.

आमच्या घरापासून चौथं घर एनॉक लिडियार्डचं. तो भिंगं घासायचा. दुर्बिणी, चष्मे, जहाजावरच्या कप्तानांची यंत्रं. लिहिताना मी लावायचे तो चष्माही त्याच्याच हातचा. तो आणि त्याच्यासारखी वीसेक कुटुंबं आमच्या चर्चमध्ये येत नसत. नदीकाठी त्यांचं विटांचं साधं प्रार्थनाघर होतं, आणि राजाने धर्मात नाक खुपसू नये असं त्यांचं मत होतं. फ्रान्समध्ये राजाविरुद्ध उठून लोकांनी सुरुवातीला तुरुंग फोडला तेव्हा एनॉकने भर बाजारात त्यांचं कौतुक केलं होतं. राजाला मारल्यावर तो गप्प झाला. पण गावाने पहिलंच लक्षात ठेवलं. जोनस मात्र दर बुधवारी त्याच्याकडे बुद्धिबळ खेळायला जायचा. दोघं भांडायचे आणि पुढच्या बुधवारी पुन्हा बसायचे.

उपासाच्या दिवशी जोनस जन्मात बोलला नव्हता तसा बोलला. खरी भीती होती ती, आवाजात उतरली. बायका रडल्या. टोबी हिंक्स नावाचा खिळे घडवणारा लोहार, जो रविवारी आमची घंटा ओढायचा आणि प्रवचन सुरू झालं की हमखास घोरायचा, तो पुढे वाकून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी एनॉक घरी आला. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

"आत या ना," मी म्हटलं.

"नको, हेस्टरबाई. पाद्रीसाहेबांना एकच विचारायचंय." जोनस बाहेर आला तसा तो म्हणाला, "ते शेजाऱ्याचं छप्पर, ते माझं का?"

"मी कुणाचंही नाव घेतलं नाही, एनॉक."

"घेतलं असतंत तर बरं झालं असतं. मला 'नाही' तरी म्हणता आलं असतं."

"तुमच्यासाठी नव्हतंच ते. माझं मन तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे हो. बाजाराला ठाऊक आहे का?"

तो गेला. त्या बुधवारी जोनस गेला नाही. पुढच्याही नाही. लाज वाटत होती त्याला, आणि लाज वाटली की तो कामात तोंड खुपसायचा.

इकडे बॅगनॉलसाहेबांनी प्रवचन छापून घेतलं आणि गुत्त्यागुत्त्यांत फुकट वाटलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कुणीतरी वाचून दाखवायचं. बांध, पाणी, राजसत्ता सगळं गळून पडलं. ठिणगी आणि छप्पर तेवढं राहिलं. पोरं रस्त्यात एनॉकच्या बायकोला, मर्सीला, बघून "ठिणगी, ठिणगी" ओरडायला लागली.

मे महिन्यात जत्रेच्या सोमवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, एनॉकच्या दारात मालाची गाडी आली. त्यात पितळेच्या नळ्या होत्या, दुर्बिणींसाठी मागवलेल्या. जत्रेत सकाळपासून बिअर चालली होती. कुणीतरी म्हणालं, बंदुकीच्या नळ्या आहेत. अर्ध्या तासात त्या शंभर बंदुका झाल्या, आणि फ्रेंच नदीतून येणार असंही ठरलं. आमच्याच चर्चची घंटा वाजायला लागली. टोबी हिंक्स ओढत होता, आग लागल्यावर ओढतात तशी. आग अजून लागायची होती.

आम्ही खिडकीतून पाहिलं. तीनशे-चारशे माणसं होती, मशाली भर उन्हात पेटवलेल्या, आणि आरोळी एकच, "चर्च आणि राजा!" माझ्या भावाचा चेहरा राखेसारखा झाला. तो भिंत धरून उभा होता. मला वाटलं, आता खाली बसेल. पण त्याने काळा झगा चढवला आणि दार उघडलं.

"जोनस, जाऊ नकोस."

"माझंच ऐकतील ते," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं ऐकतील?"

गर्दीला घाबरणारा माझा भाऊ त्या गर्दीच्या तोंडावर जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते कुणी छापलं नाही.

"थांबा! घरी जा सगळे! देवाची शपथ आहे तुम्हाला!"

"अरे, पाद्रीसाहेब आले!" कुणीतरी ओरडलं. "आपले पाद्रीसाहेब! बोला, तीनदा जयजयकार!"

त्या जयजयकारात त्याचं बोलणं बुडून गेलं. टोबी पुढे आला, वाकला आणि लहान पोराला उचलावं तसं त्याने जोनसला खांद्यावर घेतलं.

"उतरव मला, टोबी! खाली उतरव!"

"पडू देणार नाही साहेब, घाबरू नका. घट्ट धरलंय मी."

मी मागून धावत होते. लोकांच्या डोक्यांवरून माझा भाऊ चालला होता. तो हात हलवून नको नको म्हणत होता आणि लोकांना वाटत होतं तो पुढे चला म्हणतोय. असे ते त्याला एनॉकच्या दारापर्यंत मिरवत घेऊन गेले, आणि त्याच्यासमोर त्यांनी घर पेटवलं. आधी भिंगं फोडली. मग नळ्या बाहेर फेकल्या. एकाने एक नळी डोळ्याला लावून पाहिली, ती पोकळ होती, पलीकडचं दिसत होतं, तरी कुणी थांबलं नाही. प्रार्थनाघर त्यानंतर.

बॅगनॉलसाहेब पुलाजवळ घोड्यावर होते. गर्दी पांगवण्याचा हुकूम वाचून दाखवायचा कागद त्यांच्या खिशात असणार. दोन्ही छपरं कोसळल्यावर त्यांनी तो काढला.

मर्सी मागच्या दाराने निसटली होती. एनॉक तिला सोडून पुन्हा आत गेला, बापाची एक भिंगं घासायची चकती आणायला, आणि तुळई त्याच्या पाठीवर पडली. त्याला आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तीन दिवस जगला. जोनस त्याच्या उशाशी बसून होता. एनॉक एकदाच बोलला, "तुमची खेळी आहे," असं काहीतरी. शुद्धीत नव्हता तो. पण जोनस उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

चारशेंपैकी पकडलं एकट्याला, टोबी हिंक्सला. घंटा त्याने वाजवली होती, आणि त्याच्या बाजूने बोलणारा कुणी मालक नव्हता. दंगलीत घर उद्ध्वस्त करण्याची शिक्षा फाशी. जुलैत जिल्ह्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. जोनसला साक्षीला बोलावलं ते टोबी तिथे होता एवढंच सांगायला.

"होता," जोनस म्हणाला, "आणि मी त्याच्या खांद्यावर होतो. त्याने माझे शब्द खरे मानले, एवढाच त्याचा गुन्हा. शब्द माझे आहेत. ते छापून गुत्त्यागुत्त्यांत वाटले बॅगनॉलसाहेबांनी. मग पिंजऱ्यात तो एकटाच का?"

कोर्टात कुजबूज झाली. न्यायाधीश म्हातारे होते, शांत होते.

"तुमचं प्रवचन मी वाचलंय," ते म्हणाले. "उत्तम आहे. अशा माणसांपासूनच तर तुम्ही आम्हाला सावध केलंत. तुमची प्रकृती बरी दिसत नाही. बसा."

फाशीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं तुरुंगात गेलो. टोबीची बायको पोटुशी होती, तिला सांभाळू असं सांगायला. टोबी रडत नव्हता. त्याला काहीतरी कोडं पडलेलं दिसत होतं.

"साहेब, चूक झाली माझी. सगळे म्हणतात, म्हणजे झालीच असणार. पण कुठली ते कुणी सांगत नाही," तो म्हणाला. "मी राजाच्याच बाजूने होतो ना?"

जोनसने त्याचे हात धरले. "होतास, टोबी."

"मग?"

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ शेवटपर्यंत त्याच्याजवळ उभा राहिला, फाशी बघायला जमलेल्या हजारो माणसांच्या मधोमध. या खेपेला तो थरथरला नाही. भीतीसुद्धा संपते माणसाची. तिच्या जागी जे येतं ते बरं असतंच असं नाही.

बॅगनॉलसाहेबांनी ऑगस्टमध्ये प्रवचन पुन्हा छापलं. जोनसने परवानगी दिली नव्हती, पण विचारतो कोण? पहिल्या पानावर नवा मजकूर होता : वेनफर्डला जे घडलं त्याने लेखकाचा शब्द न् शब्द खरा ठरवला. जोनसने बिशपकडे तक्रार केली. उत्तरात बिशपने अभिनंदन केलं. त्यानंतर जोनसने स्वतःचं असं एकही प्रवचन लिहिलं नाही. दुसऱ्यांची छापील पुस्तकं वाचून दाखवायचा, पान संपलं की थांबायचा. लोक पुन्हा झोपायला लागले. जागा मात्र त्याने सोडली नाही. सोडून दोघांनी खायचं काय?

मर्सी चार महिने आमच्याकडे राहिली. भाकरी आणि चीज समोर ठेवलं तर निम्मं खायची. सप्टेंबरात तिच्या भावाने ब्रिस्टलहून निरोप पाठवला, तिथून ती जहाजाने अमेरिकेला जाणार होती. निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी होती. मला राहवेना.

"मर्सी, एक सांगायचंय. ते वाक्य जोनसने खोडलं होतं. मीच म्हटलं राहू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसं.

"हे मला का सांगतेस?"

"तुला कळायला हवं म्हणून."

"मला कळून काय होणार? एनॉक उठणार आहे?" ती म्हणाली. "तुला ते जड झालंय, म्हणून माझ्या गाठोड्यात टाकतेस. माझं गाठोडं भरलंय, हेस्टर. तुझं तूच ने."

तिने पेटीची एक कडी धरली आणि मला म्हणाली, "दुसरी बाजू उचल, मला एकटीला जमणार नाही." आम्ही दोघींनी पेटी गाडीत चढवली. ती वर बसली, शाल डोक्यावरून ओढली आणि गाडीवाल्याला चल म्हणाली. गाडी नदीच्या रस्त्याला लागली, तिच्या जळक्या घरासमोरून. तिने तिकडे पाहिलं की नाही ते मला दिसलं नाही. जोनस जेवायला यायची वेळ झाली होती. मी आत गेले आणि बटाटे सोलायला घेतले.