तक्त्याची शेवटची ओळ

त्या दिवशी गल्लीतली वीज सकाळी नऊलाच गेली आणि संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळलं. चष्मेवाल्याचं काचा घासायचं मशीन विजेवर चालायचं, त्यामुळे तो काउंटरमागे बसून आधीच पुसलेल्या फ्रेमा पुन्हा पुसत होता. तेवढ्यात पेंटरने मोटरसायकल थेट दुकानाला आणून भिडवली. पुढचं चाक पायरीवर आपटून थांबलं.

"शटर ओढ, डॉक्टर. फिरायला जायचंय."

चष्मेवाला काही डॉक्टर नव्हता. नंबर काढायचा, काचा बसवायच्या, एवढंच त्याचं काम. पण पेंटर गेली पंचवीस वर्षं त्याला भर गिऱ्हाइकात डॉक्टर म्हणत होता, आणि वरवर चिडणाऱ्या चष्मेवाल्याला ते आतून आवडतं हे पेंटरला पक्कं ठाऊक होतं.

"कुठे जायचं?"

"गावाबाहेर. जिथे रस्ता नेईल तिथे."

"आणि कशाला?"

"तुझं तोंड रोज चार भिंतींत बघून कंटाळलो. उघड्यावर कसं दिसतं ते बघावं म्हटलं."

चष्मेवाल्याने बरेच आढेवेढे घेतले. गुडघा दुखतो, दोन चष्मे आजच द्यायचेत, गाडीला मागे धरायला नीट काही नाही. पेंटरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट बसवून टाकलं. त्यानंतर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण आतून बोललेलं बाहेर ऐकूच येत नव्हतं.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. साठीला आला होता, तरी लांबचा चष्मा नाही. मागच्याच महिन्यात गाडी चालवायच्या परवान्यासाठी नजरेचा दाखला हवा म्हणून तो दुकानात आला, स्टुलावर बसला आणि भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा त्याने घडाघडा म्हणून दाखवली. चष्मेवाल्याने तिथल्या तिथे दाखला लिहून दिला. तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला तो मित्राच्या नजरेचं कौतुक असं काही सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, डोळे यानेच बनवून दिलेत.

शेवटचा पेट्रोल पंप मागे पडला आणि दोन्ही बाजूंना शेतं सुरू झाली. वारा छान होता. चष्मेवाल्याचा गुडघा दुखायचा थांबला, पण ते त्याने सांगितलं नाही, कारण पेंटरने ते जन्मभर ऐकवलं असतं.

पुढे एका शेतात कोणीतरी हात पसरून उभं होतं. पेंटरने आदबीने हात वर केला. "राम राम, पाहुणे."

"अरे, बुजगावणं आहे ते."

"मग काय झालं? ते तुझ्यापेक्षा जास्त उभं राहून काम करतं. मान द्यायला नको?"

चष्मेवाला इतका हसला, की हेल्मेटमध्ये त्याचा चष्मा घसरला. पुढचे दोन मैल तो प्रत्येक झाडाला, खांबाला आणि वासराला पेंटरच्या वतीने राम राम घालत राहिला. पेंटर नेहमी शब्दाला शब्द द्यायचा. आज मात्र नुसता "हं" म्हणत होता.

फाट्यावर पेंटरने गाडी अगदी पाटीच्या खांबाशी नेली. मान पुढे काढून तो बराच वेळ बघत बसला.

"काय लिहिलंय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"ज्याने लिहिलंय त्याला धरून आणलं पाहिजे. असलं गचाळ अक्षर मी वाचत नाही. तू वाच."

अक्षर चांगलं होतं. ठळक, काळं, लांबूनही वाचता येईल असं. चष्मेवाल्याने पाटी वाचली, पेंटरने डावीकडे गाडी वळवली, आणि चष्मेवाल्याने मागे वळून पाटी पुन्हा एकदा पाहिली. आपण उगाच शंका घेतोय, असं त्याने स्वतःला बजावलं. दाखला त्याच्याच हातचा होता. तो चुकीचा निघाला तर पेंटर रस्त्यावर कुणाला तरी उडवील, नाहीतर स्वतः जाईल, आणि दोन्हीच्या खाली सही चष्मेवाल्याची असेल.

रस्ता आता दोन वाळलेल्या शेतांमधून जात होता. समोर गवताने भरलेली ट्रॉली उभी होती. गवत पिवळं, शेत पिवळं, पण ट्रॉली घराएवढी होती. चष्मेवाला ती बघत होता आणि पेंटर वेग कमी करील म्हणून वाट बघत होता. पेंटर कुठलंसं जुनं गाणं गुणगुणत होता.

"थांब. थांब, थांब, ट्रॉली आहे."

ब्रेक कचकन लागला. गाडी आडवी घसरत गेली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. गवताच्या दोन काड्या पेंटरच्या हेल्मेटवर पडल्या.

चष्मेवाला उतरला. तो रस्त्याकडेच्या झाडाखाली जाऊन बसला. पेंटर गाडी ढकलत मागोमाग आला.

"त्या तारेवर काय बसलंय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"कावळा."

"आणि त्याच्या शेजारी?"

"त्याची बायको. भांडलेत वाटतं, लांब बसलेत."

"तारेवर काहीच नाही, लेका. त्या बाजूला तारच नाही."

पेंटर शेजारी बसला आणि हेल्मेटवरच्या काड्या एकेक करून काढू लागला.

"तक्ता कसा वाचलास मग?" चष्मेवाल्याचा आवाज चढला. "शेवटच्या ओळीपर्यंत वाचलास तू."

"तक्ता कोणी रंगवलाय?"

सहा वर्षांपूर्वी जुना छापील तक्ता पिवळा पडला तेव्हा नवा पेंटरनेच रंगवून दिला होता. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या मुंग्यांपर्यंत, मापात, तीन दिवस खपून. ज्याने तो स्वतःच्या हाताने लिहिला, त्याच माणसाकडून चष्मेवाल्याने तक्ता वाचून घेतला होता.

"जवळचं अजून जमतं, ब्रशच्या टोकापर्यंत," पेंटर म्हणाला. "पुढे सगळं धुकं. सहा महिने झाले."

"आणि तू मला फसवलंस. मला."

"शेवटच्या ओळीत मी दोन अक्षरं मुद्दाम चुकीची सांगितली होती, डॉक्टर. म्हटलं, आता तरी पकडेल. तू 'वा' म्हणालास. मान खाली घालून दाखला लिहीत होतास."

चष्मेवाल्याला कानशिलात बसल्यासारखं झालं. आपण त्या दिवशी तक्त्याकडे पाहिलं नव्हतं आणि मित्राकडेही नाही, हे त्याला लख्ख आठवलं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

पेंटरने पाकिटातून घडी केलेला कागद काढून त्याच्या हातात दिला. तोच दाखला होता.

"कुठे दिला नाही अजून. देणारही नव्हतो."

"मग सरळ सांगायला काय धाड भरली होती? आणि गाडीवर घेऊन मारायला निघालास होय मला?"

"ते चुकलं. सवयीच्या रस्त्यावर कळतं मला सगळं, वाटलं इथेही निभेल." पेंटरने हेल्मेट जमिनीवर ठेवलं. "घाबरलो होतो रे. पाट्या रंगवण्याशिवाय मला दुसरं काय येतं? तू 'दिसत नाही' म्हणाला असतास तर ते खरंच झालं असतं. म्हटलं, पूर्ण जायच्या आधी एकदा हे सगळं बघून घ्यावं. एकट्याने आलो असतो तर काय दिसलं ते कुणाला विचारणार?"

चष्मेवाल्याने दाखल्याचे चार तुकडे करून खिशात टाकले. मग पेंटरची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि पापणी वर करून बराच वेळ बघितलं. दोन्ही बुबुळांच्या आत दुधट झाक होती. रोज संध्याकाळी समोर चहा पिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत ती दिसायला त्याला इतक्या लांब या झाडाखाली यावं लागलं होतं.

"मोतीबिंदू वाटतोय," तो म्हणाला. "तसं असेल तर लहानसं ऑपरेशन, आणि पुन्हा लोकांच्या अक्षरांना नावं ठेवायला मोकळा. पण मी डॉक्टर नाही. उद्या सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं. मी येणार, वहिनींनाही घेऊ."

"बायकोला काय सांगू?"

"खरं सांग. ओरडतील. मग रडतील. मग मला ओरडतील, आणि ते बरोबरच असेल."

पेंटर हसायला गेला, पण त्याचे डोळे भरून आले. चष्मेवाला दुसरीकडे बघणार होता, पण बघतच राहिला.

परत निघताना गाडी चष्मेवाल्याने घेतली. त्याने स्कूटर विकून बारा वर्षं झाली होती. पहिल्या झटक्यात गाडी बंद पडली, दुसऱ्यात उडी मारून पुढे गेली.

"आंधळा परवडला," मागून आवाज आला.

"गप्प बस आणि घट्ट धर."

"धरलंय. सांग आता, काय दिसतंय?"

चष्मेवाला सांगू लागला. डावीकडे विहीर, रहाट मोडलेला. एक बाई डोक्यावर पेंढी घेऊन चाललीय, मागे कुत्रं. मग नांगरलेलं शेत आणि त्यात आठ बगळे.

"कसे आहेत बगळे?"

"पांढरे. नांगरलेल्यातले किडे खातायत, सातही जण."

"आठ म्हणालास."

"एक उडाला असेल."

"असेल? बघितलंस की नाही?"

चष्मेवाल्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि एकेका बगळ्याकडे बोट करत मोठ्याने मोजले. नऊ होते.