मागच्या बाकावर

फाटकाशी जस्टिनच्या मोटरसायकलचा हॉर्न वाजला, तशी एस्तेरनं पायात घातलेली चप्पल पुन्हा काढून ठेवली.

तिचा नवरा दानीएल अंगणात पेरूचे क्रेट रचत होता. सकाळी राहात्याच्या बाजाराला जायला टेम्पो येणार होता.

"अगं, आला तो. चर्चमध्ये सरावाला गाणाऱ्या बायका वाट बघत असतील."

"तुम्ही चला ना सोडायला."

"पुन्हा तेच? आन् मी तिथं बसून काय करू? मला काय गाता येतं व्हय?"

महिनाभर हेच चाललं होतं. लोक काय म्हणतील, असं तिनं सुचवून पाहिलं. जस्टिन घरचाच माणूस, म्हणून दानीएल हसला. गाणंच सोडते म्हणाली, तर अख्खी मंडळी तुझ्या आवाजाचं नाव काढते, म्हणून रागावला. घसा बसल्याचं निमित्त केलं, तर त्यानं ते जस्टिनच्या कानावर घातलं आणि जस्टिन खडीसाखर घेऊन आला.

जस्टिन चर्चमध्ये पेटी वाजवायचा. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. त्यानं कधी वावगा शब्द काढला नव्हता. पण ती एकटी गायला लागली की तो पेटी थांबवून ऐकत राही, आणि गेल्या शनिवारी निघण्याआधी एस्तेरनं दोनदा साडी बदलली होती. पहाटे गुडघे टेकून प्रार्थना आणि शुक्रवारचा उपास तिनं कधी चुकवला नव्हता. हल्ली मात्र प्रार्थनेत 'आम्हांला परीक्षेत आणू नको' ही ओळ आली की जीभ अडखळे. मागच्या प्रभुभोजनाला, मनात खोट ठेवून भाकर कशी घ्यायची म्हणून, ती बाकावरून उठलीच नाही. घरी आल्यावर दानीएलनं विचारलं होतं, पित्त झालं का. उद्या पुन्हा प्रभुभोजन होतं.

हॉर्न परत वाजला. एस्तेर क्रेटपाशी गेली आणि नवऱ्याच्या हातातला पेरू काढून घेतला.

"मला त्या गाडीवर बसायला आवडायला लागलंय," ती हळू म्हणाली. "म्हणून म्हणते, तुम्ही चला."

दानीएल रिकाम्या हाताकडे बघत राहिला. मग फाटकाशी गेला. तो काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. मोटरसायकल एकटीच वळली. नळावर पाय धुऊन, सदरा चढवून त्यानं स्कूटर काढली. ती मागं बसली. त्याच्या खांद्याला धरावं की नाही ते न कळून तिनं सीटमागची कडी धरली.

चर्चमध्ये तो पुरुषांच्या बाजूला, अगदी मागच्या बाकावर बसला. दुसरं कडवं संपता संपता घोरणं ऐकू आलं. पहाटेपासून पेरू तोडलेला माणूस. मान मागं कललेली, तोंड उघडं. पोरी पदराआड खुसखुसल्या. जस्टिननं पेटीवरून हनुवटीनं मागं खुणावलं आणि एस्तेरकडे, तिच्या एकटीकडेच, बघून हसला. तिच्याही ओठांवर हसू आलंच होतं.

तिनं ते गिळलं. गीतांचं पुस्तक उचलून ती मधली वाट चालत मागं गेली.

"सरका थोडं."

दानीएल दचकून उठला. "झालं?" म्हणत चपला शोधू लागला.

"नाही. बसा."

पुरुषांच्या त्या बाकावर ती त्याच्या शेजारी टेकली, पुस्तक उघडलं, आणि मान वर न करता म्हणाली,

"जस्टिनभाऊ, सूर द्या. मी इथून म्हणते."